खडी पास होईपर्यंत गाडी नाही

ज्या माणसानं वर्षानुवर्षं माझा माल परत पाठवला, तो निवृत्त होऊन पिंपळे सौदागरला आमच्याच सोसायटीत, आमच्याच मजल्यावर, बरोबर समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आला. मी बायकोला म्हणालो, हे घर विकून आपण तळेगावला जाऊ. ती म्हणाली, पडदे आत्ताच शिवलेत. अशा रीतीनं लोमटेसाहेब माझे शेजारी झाले.

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. नटाखाली बसते ना ती पत्र्याची चकती, वॉशर, ती आम्ही छापतो. चाकणच्या ज्या कंपनीला माझा बहुतेक माल जायचा, तिथं लोमटे क्वालिटीचे साहेब होते. माझा टेम्पो आत लागला की ते स्वतः येणार, खोक्याच्या पार तळाशी हात घालून एक वॉशर काढणार, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवणार आणि म्हणणार, गायकवाड, बर आहे. बर म्हणजे पत्रा कापताना कडेला राहतं ते कुसळ. मला ते चष्मा लावूनही दिसायचं नाही, पण लोमट्यांच्या अंगठ्याला टोचायचं. मग खोक्यावर लाल स्टिकर लागायचा आणि टेम्पो चाकणच्या ट्रॅफिकमधून पुन्हा भोसरीला यायचा. माझा ड्रायव्हर शेवटी शेवटी माल उतरवायच्या आधीच गाडी वळवून उभी करायला लागला होता.

स्टिकरचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. त्यांच्या खात्यात तीन रंगांचे स्टिकर होते. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट. पिवळा म्हणजे डेव्हिएशन: माल मापात बसत नाही, पण या वेळेपुरता चालवून घेतो, खाली साहेबाची सही. आमच्या पट्ट्यातले निम्मे कारखाने महिनाअखेरीला या पिवळ्यावर चालतात, हे मी बाहेर कुठं बोलत नाही, इथं बोललो. लोमट्यांनी मात्र अख्ख्या नोकरीत एकदाही पिवळा लावला नाही. एकदा माल नाही म्हणून गाड्या जोडायची लाइन बंद पडायची वेळ आली. वरचे साहेब आले, त्यांच्या वरचे आले. लोमट्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि माल परत पाठवला.

त्याची शिक्षा म्हणून त्यांना कॅन्टीन कमिटीवर टाकलं. पहिल्याच दिवशी त्यांनी खिशातून व्हर्निअर काढून चपातीची जाडी मोजली. मधे एक भरली, कडेला दुसरीच. दुसऱ्या दिवशी जिलेबीची अख्खी परात परत गेली, कारण वेढे एकसारखे नव्हते. आठवड्याभरात ठेकेदार रडत वरच्या साहेबांकडे गेला आणि लोमटे सन्मानानं क्वालिटीत परत आले. कामगार हळहळले, कारण तेवढे दिवस चपात्या झकास मिळाल्या होत्या.

आवडणं वेगळं आणि पास होणं वेगळं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणखी एक होतं. पास झालेल्या प्रत्येक पार्टचा पहिला नमुना ते काचेच्या कपाटात ठेवायचे, त्याला मास्टर सॅम्पल म्हणायचे. पुढं तो पार्ट बंद होवो, ती गाडी बंद होवो, नमुना कपाटातून हलायचा नाही. जागा अडते म्हणून कुणी कुरकुर केली, की शांतपणे म्हणायचे, ज्यावर आपण सही केली ती वस्तू टाकत नसतात. निरोपसमारंभात कंपनीनं त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ त्यांनी कानाला लावून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. स्वतःहून मागून घेतले ते फक्त स्टिकरचे उरलेले रोल. हिरवा बराच शिल्लक होता, लाल संपत आला होता, आणि पिवळा प्लॅस्टिकच्या वेष्टनात जसाच्या तसा होता.

सोसायटीत आल्यावर हा माणूस सुधारेल असं मला वाटलं होतं. कसचं काय. भाजीवाल्याकडे भेंडी घेताना ते ढिगाच्या मधून, वरून आणि तळातून एकेक उचलायचे. भाजीवाला त्यांना लांबून बघूनच वजनकाटा पुसायला घ्यायचा. माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं, मुलाकडचे चहाला आले होते आणि शेजारधर्म म्हणून मी लोमट्यांनाही बोलावलं. ही माझी चूक. मुलाच्या काकांनी कौतुकानं विचारलं, कसा वाटला आमचा मुलगा? लोमटे कप खाली ठेवून म्हणाले, एका नमुन्यावरून सांगता येत नाही. लग्न झालं, चांगलं चाललंय. पण ते काका अजून माझ्याशी मोजकंच बोलतात.

अशा माणसाबरोबर संसार करणारी बाई म्हणजे पुष्पाकाकू. बुटक्या, हसऱ्या, बोलण्यात मराठवाड्याचा हेल. त्यांचं बालपण निमखेड नावाच्या एका टीचभर स्टेशनात गेलं. वडील तिथं पॉइंट्समन, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलून देणारे. रेल्वेच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये ही सगळी भावंडं वाढली. पॅसेंजर गाडी यायची, दोन मिनिटं थांबायची, आणि त्या दोन मिनिटांत काकू आणि त्यांच्या बहिणी फलाटावर उभं राहून डब्यातल्या बायकांच्या साड्या बघून घ्यायच्या. काकूंच्या तोंडून हे मी इतक्यांदा ऐकलं होतं, की निमखेडचा कडुनिंब फलाटाच्या कोणत्या टोकाला आहे हे मलाही पाठ झालं होतं.

नवरा निवृत्त झाल्यावर काकूंनी एकच मागणं मागितलं, निमखेड दाखवून आणा. दोघं गेली. स्टेशन कधीच बंद झालं होतं. फलाटावर गवत माजलं होतं, क्वार्टरच्या फक्त भिंती उभ्या होत्या, आणि गाड्या न थांबता धाडधाड निघून जात होत्या. परतीच्या वाटेवर काकू मान वळवून मागंच बघत राहिल्या. हे मला लोमट्यांनीच सांगितलं, लिफ्टची वाट बघताना, आणि पुढं म्हणाले की गायकवाड, मी तिला स्टेशन करून देणार आहे. त्या दिवशी पहिल्यांदा मला हा माणूस आवडला. पास नव्हता झाला, पण आवडला.

दुसऱ्या बेडरूममधला पलंग निघाला आणि तिथं भल्या मोठ्या प्लायवर निमखेड उभं राहायला लागलं. खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. फलाट, पाण्याची टाकी, क्वार्टर, कडुनिंब, शेजारच्या टेकडीतून एक बोगदा. टेकडी निमखेडला नव्हती, पण गाडीला वळून यायला कुठूनतरी यावं लागतं, एवढी सूट काकूंनीच दिली. लोमट्यांनी क्वार्टरच्या खिडक्यांचे गज दाढीच्या ब्रशच्या केसांचे केले. रूळ टाकले, तारा जोडल्या, काकू देवळात गेल्या असताना इंजिन एकदा हळूच चालवून पाहिलं, ते छान चाललं. गाडी तयार, स्टेशन तयार. आता फक्त रुळाखाली खडी टाकायची राहिली, आणि तिथं सगळं अडलं.

काकू म्हणाल्या, तशीच सोडा की गाडी. लोमटे म्हणाले, खडी पास होईपर्यंत गाडी नाही. हे त्यांनी अशा सुरात सांगितलं, जणू खाली लाइन थांबली आहे आणि तरी ते ऐकणार नाहीत. बिनखडीच्या रुळावर गाडी सोडणं त्यांच्या दृष्टीनं मुंडावळ्यांशिवाय बोहल्यावर चढण्यासारखं होतं. काकू हसून सोडून द्यायच्या. तोवर घाई कुणालाच नव्हती.

खडीचं माप असं. खरी खडी मुठीत मावेल एवढी असते. सत्त्याऐंशीनं भागली की रव्याएवढी होते. म्हणून पहिला नमुना रव्याचाच आला. काकूंनी डब्यातून वाटीभर काढून दिला, लोमट्यांनी तो काळपट रंगवला, त्याचे गोळे झाले, आणि गोळे फोडायला आधी मुंग्याच आल्या. लाल स्टिकर. उरलेला, न रंगवलेला रवा काकू काढायला गेल्या, तर त्या डब्यावरही लाल स्टिकर लागला होता. त्या रिजेक्ट रव्याचा उपमा मी खाल्लाय. उत्तम होता.

मग खसखस आली. ती दाणेदार होती, पण गोल. लोमट्यांनी मला गॅलरीत उभं करून समजावलं की खडी कधी गोल नसते, गोल असते ती नदीतली वाळू, आणि गोल खडीवर रूळ सरकतो. मी म्हणालो, साहेब, तुमच्या गाडीचं वजन एका वांग्याएवढं आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझे जुने टेम्पो आठवले. मग विटेचा चुरा आला. त्याचा रंग तांबडा, म्हणजे ती कोकणातली जमीन झाली, निमखेडची नाही. माशांच्या टाकीतली वाळू चकाकत होती. मोशीच्या खाणीतून मी स्वतः पोतंभर चुरी आणून दिली, तर तीत धूळ फार. ती धुतली तर बारीक कण वाहून गेले, आणि उरले ते मापाबाहेर. खिडकीत स्टीलच्या वाट्यांची रांग लागली, प्रत्येक वाटीवर लाल स्टिकर. काकूंना आमटीला वाटी उरेना, म्हणून त्या आमच्याकडून घेऊन गेल्या, आणि काही दिवसांनी आमच्या वाट्याही खिडकीत दिसायला लागल्या.

आणि मग नाशिकहून लोमट्यांच्या मुलीचा, प्राजक्ताचा फोन आला. गोड बातमी होती. बाळंतपणाला ती आईकडे येणार, म्हणजे दुसरी बेडरूम तिला लागणार. अडचण अशी की तो प्लाय खोलीतच जोडलेला, दारातून बाहेर निघत नव्हता. लोमट्यांनी दाराचं माप घेतलं नव्हतं असं नाही. निमखेड कधी उठवावं लागेल हे त्यांनी धरलंच नव्हतं. आता खोली रिकामी करायची म्हणजे करवतीनं कापूनच. काकूंनी ते एका वाक्यात स्वीकारलं. लेकीपुढं खेळणं कसलं, म्हणाल्या. पण त्याआधी एकदा, फक्त एकदा, निमखेडला गाडी आलेली बघायची होती त्यांना. तेवढंच.

या अडचणीत धावून आला पठारे. हा लोमट्यांच्या हाताखाली शिकलेला, मूळचा चाकणकडचाच. आता त्याचं स्वतःचं शॉट ब्लास्टिंगचं युनिट आहे, म्हणजे ओतलेल्या लोखंडी पार्टवर जोरात कण मारून ते साफ करायचं काम. साहेबांच्या पाया पडल्याशिवाय तो बसायचा नाही. खिडकीतल्या वाट्या बघून तो म्हणाला, साहेब, एवढंच व्हय, माझ्याकडं हाय की माल. दुसऱ्या दिवशी तो पिशवीभर कण घेऊन आला. करड्या रंगाचे, टोकदार, एकसारखे. सोबत मटेरियलचं सर्टिफिकेटही होतं.

लोमट्यांनी ते भिंगाखाली घेतलं, चाळणीतून काढलं, पाण्यात टाकलं, फुंकर मारून पाहिली. धूळ नाही, मुंग्या येणार नाहीत, बुरशी धरणार नाही, कोपरे धारदार, माप तंतोतंत. सर्टिफिकेट त्यांनी दोनदा वाचलं. मग ड्रॉवरमधून हिरवा रोल काढला आणि वाटीला स्टिकर लावला. पठाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण कंपनीत असताना त्याला हिरवा फार क्वचित मिळाला होता. काकूंनी आमच्या सगळ्या मजल्याला पेढे वाटले. लोमट्यांनी मेंदी लावायच्या ब्रशनं ती खडी रुळांमधे पसरली, सुताराचा पांढरा गोंद पाणी घालून पातळ केला, इंजेक्शनच्या सिरिंजनं थेंब थेंब सोडला. दिसायला काय सुंदर दिसत होतं ते. मी खोटं कशाला सांगू, मलाही फलाटावर उभं राहावंसं वाटलं.

उद्घाटनाला निम्मी सोसायटी आली. चेअरमननी नारळ आणला आणि भाषण केलं. त्या भाषणात रेल्वेचं जाळं, ज्येष्ठांचे छंद आणि पार्किंगची शिस्त असं सगळं आलं. काकू ठेवणीतली साडी नेसून फलाटापाशी स्टुलावर बसल्या होत्या. लोमट्यांनी बटण फिरवलं. इंजिन वीतभर पुढं आलं, घर्र असा आवाज झाला, रुळांतून एक ठिणगी उडाली आणि गाडी जागच्या जागी थांबली. लोमट्यांनी इंजिन उचलून उलटं केलं. त्याच्या पोटाला करड्या कणांची भरघोस दाढी फुटली होती.

पठारे मागून हळूच म्हणाला, "साहेब, लोखंड हाय ते."

बरोबरच होतं. पोलादाचेच कण ते. इंजिनात मोटर, मोटरीत लोहचुंबक, आणि रुळांमधून वीज. जन्मभर लोखंडाशिवाय दुसरं काही न हाताळलेली ही दोन माणसं. त्यांनी माप पाहिलं, रंग पाहिला, कडकपणा पाहिला, सर्टिफिकेटवर पोलाद असं छापलेलंही वाचलं. लोखंडाला चुंबक लागतं हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही, कारण त्यांच्या जगात लोखंड हे धरायचंच नसतं, ते असतंच. चेअरमननी आणलेला नारळ वाया जाऊ नये म्हणून फोडला, लोकांनी सामोसे खाल्ले, पठाऱ्याच्या पाठीवर थाप मारली आणि गेले. काकूंनी रिकाम्या बश्या गोळा केल्या. पण मी जेवायच्या वेळेला डबा परत द्यायला गेलो, तेव्हा त्यांच्या अंगावर अजून तीच साडी होती.

दुसऱ्या दिवशी लोमटे दूध आणायला खाली आले ते शर्टाच्या खिशावर लाल स्टिकर लावून. वॉचमननं विचारलं, साहेब, हे काय? लोमटे म्हणाले, इन्स्पेक्शन झालं. गोंदाच्या पाण्यानं दोन-तीन दिवसांत सगळी खडी गंजली. ती त्यांनी खरवडून काढली, इंजिन उघडून कण कण साफ केलं, आणि निमखेड पुन्हा उघडं पडलं. तेवढ्यात नाशिकहून पुन्हा फोन आला. डॉक्टरांनी प्राजक्ताला विश्रांती सांगितली होती, ती येत्या रविवारीच येणार होती. सुताराला रविवारी सकाळचं सांगून झालं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे होतो, आणि मी भडकलो. मी म्हणालो, साहेब, माझा माल परत पाठवलात, ठीक आहे, तो माझा होता. पण या बाईला एकदा गाडी दाखवायला तुमचं काय जातंय? सोडा तशीच. लोमटे मान खाली घालून बसले होते. म्हणाले, गायकवाड, तिला आवडेल हो. पण आवडणं वेगळं. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, कारण काकू उठून गॅलरीत गेल्या होत्या.

काकू रोज उरलेला चहाचा चोथा धुऊन गॅलरीत ताटात वाळत घालायच्या, गुलाबाच्या कुंडीला. ते ताट त्या घेऊन आल्या आणि नवऱ्यापुढं ठेवलं.

"हे टाका," त्या म्हणाल्या.

लोमट्यांनी चिमूट उचलली. अंगठ्यानं चोळली. भिंग आलं, चाळणी आली. मग खिशातून चुंबक निघालं, त्या उद्घाटनापासून ते चुंबक खिशातच असायचं, आणि चहाच्या चोथ्यावरून त्यांनी ते गंभीरपणे फिरवलं. मी हसलो नाही. माप जमत होतं. कोपरे होते. रंग काळा, मधेच तांबूस, इंजिनाच्या तेलानं आणि गंजानं खरी खडी होते तसा. मी मनातल्या मनात पास म्हणून टाकलं.

"बुरशी येईल याला," लोमटे म्हणाले. "पंधरा दिवसांत."

"मला रविवारपर्यंतच पाहिजे."

"ते मापात बसत नाही, पुष्पा."

"तुमच्या मापात आजवर काय बसलंय?" काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तुमच्या घरात आले तेव्हा मी तरी कुठं बसत होते? चालवून घेतलंच की."

लोमट्यांनी हातातली चिमूट ताटात परत टाकली. मग उठले, ड्रॉवर उघडला आणि पिवळा रोल काढला. वेष्टन फोडायचा प्रयत्न करायला लागले, पण बोटं घसरत होती. ज्या अंगठ्याला माझ्या वॉशरचं कुसळ सापडायचं, त्याला प्लॅस्टिकचं टोक सापडेना. काकूंनी रोल हातातून घेतला, दातांनी वेष्टन टरकावलं आणि परत दिला. लोमट्यांनी एक स्टिकर काढला, वाटीत चोथा भरला, वाटीला तो लावला आणि त्यावर सही केली. मला भरून आलं. मग आठवलं की माझ्या मालावर ही सही एकदाही झाली नाही, आणि जरा रागही आला.

शुक्रवारच्या संध्याकाळी गाडी सुटली. भाषण नाही, नारळ नाही. काकू रोजच्याच साडीत, स्टुलावर बसून, हनुवटी प्लायच्या कडेवर टेकवून. डोळे बरोबर फलाटाच्या उंचीला आले होते. मी आणि पठारे दाराशी उभे. लोमट्यांनी बटण फिरवलं आणि गाडी बोगद्याच्या पलीकडून निघाली. इंजिनाचा आवाज बारीक, पण ऐकू येत होता.

"बोगद्यापाशी खडी जरा दबलीय," लोमटे म्हणाले. "तिथं परत..."

"गप बसा," काकू म्हणाल्या. "गाडी यायलीय."

गाडी बोगद्यातून बाहेर आली, वळली, कडुनिंबाखालून गेली आणि निमखेडच्या फलाटाला लागली. काकू हलल्या नाहीत. डब्यांच्या खिडक्यांतून काय दिसत होतं त्यांना कोण जाणे, त्या एकेक डबा बघत गेल्या. लोमट्यांनी पुन्हा बटणाला हात लावला, तर न बघताच म्हणाल्या, दोन मिनिटं थांबू द्या, इथं दोन मिनिटं थांबायची. लोमट्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं आणि दोन मिनिटं झाल्यावरच गाडी सोडली. पठारे शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता. शनिवारी दिवसभर त्या घरातून गाडीचा आवाज येत होता, आणि काकूंनी दुपारी स्वयंपाकच केला नाही, जेवायला दोघं आमच्याकडे आली.

रविवारी सुतार आला, तेव्हा काकू माझ्या बायकोजवळ येऊन बसल्या आणि मटार सोलत राहिल्या. करवतीचा आवाज थांबल्यावर मी तिकडं गेलो. प्लायचे तुकडे दाराबाहेर पडले होते. लोमटे जमिनीवर बसून, त्याच मेंदीच्या ब्रशनं, एका तुकड्यावरचा चोथा सोडवून काचेच्या बरणीत भरत होते. मी म्हणालो, कुंडीत टाका आता. त्यांनी मान हलवली. वाटीवरचा पिवळा स्टिकर अलगद सोडवून बरणीला लावला आणि बरणी शोकेसमध्ये, कंपनीच्या घड्याळाशेजारी ठेवली.

प्राजक्ताला मुलगी झाली. बारशाला गेलो तर लोमट्यांनी आधी मला शोकेसपाशी नेलं. बरणीत चोथ्यावर पांढरी बुरशी मस्त दाटून आली होती. बघा, म्हणाले, मी सांगितलं होतं की नाही. एवढे खूश मी त्यांना नातीच्या जन्मानंही पाहिलं नव्हतं, म्हणजे खूश तर होते, पण पाळण्यापाशी ते जरा विचारात पडल्यासारखे दिसायचे. काकूंनी मात्र घर डोक्यावर घेतलं. घरात तान्हं बाळ आणि ही घाण, फेकून द्या म्हणाल्या. लोमट्यांनी झाकणाभोवती चिकटपट्टीचे वेढे दिले, एकसारखे, आणि बरणी गॅलरीत नेऊन ठेवली. फेकली नाही. ज्यावर आपण सही केली ती वस्तू टाकत नसतात, एवढंच म्हणाले. त्यावर काकूंचं उत्तर मी लिहीत नाही.

पुढं प्राजक्ताची सुट्टी संपली. बाळाकडे बघायला कुणीतरी हवं, म्हणून दोघं कायमची नाशिकला जायची ठरली. सामान न्यायला आलेल्या पोरांचे त्यांनी हाल केले. खोकी परत उघडून बघितली, दोन खोक्यांना लाल स्टिकर लावले, टेम्पोवाला माझ्याकडे बघून म्हणाला, हा काय माणूस आहे? मी म्हणालो, भावा, तुझं एकदाच आहे, माझं बघ. पडदे तसेच ठेवून त्या समोरच्या फ्लॅटला कुलूप लागलं.

खाली गाडी उभी होती. प्राजक्ता पुढं, मागच्या सीटवर काकू आणि लोमटे. सगळं सामान टेम्पोत गेलं होतं, घड्याळसुद्धा. बरणी मात्र लोमट्यांच्या मांडीवर होती, दोन्ही हातांनी धरलेली, पिवळा स्टिकर बाहेरच्या बाजूला. मी खिडकीशी वाकलो. त्यांनी माझ्याकडे बघून हात उचलला, अंगठा तर्जनीवर एकदा फिरवला आणि म्हणाले, "गायकवाड, अलीकडे बर कमी आहे." एवढ्या वर्षांत कौतुक म्हणून एवढंच. काकूंनी बरणीकडे बघून कपाळाला हात लावला आणि मला म्हणाल्या, बघा तुमचे साहेब, नाशिकपर्यंत हे घेऊन जायलेत. गाडी निघाली. आमच्या गेटपाशी चेअरमननी घातलेला एक भलताच उंच स्पीडब्रेकर आहे, गाड्यांची बुडं घासतात त्यावर. त्यांची गाडी त्याच्यापाशी पोचली, आणि पुढचं चाक चढायच्या आत काकूंचा हात बरणीच्या झाकणावर गेला आणि गाडी पार उतरेपर्यंत तिथंच राहिला.